बाळाबाईंची म्हैस आणि माझी चिलटं

१२ सप्टेंबर
१. सकाळी चहात चिलट पडलं.
२. ते काढताना दुसरं पडलं.
३. ऑनलाइन मीटिंगमध्ये तिसरं नाकात गेलं. बोलत मीच होते.
४. कारण उघड आहे. माझ्या खोलीच्या खिडकीखाली घरमालकीण बाळाबाईंचा गोठा आहे.
फवारा मारणार नाही. नैसर्गिक उपायांनी आठवड्यात घर साफ. मी क्वालिटी इंजिनिअर आहे. बिघाडाचं मूळ शोधणं हे माझं रोजचं काम.

१३ सप्टेंबर
खिडकीत कडुलिंबाचा पाला, कोपऱ्यात कापूर. सिंकखाली बरणीत लिंबाच्या साली आणि गूळ आंबत ठेवलाय, फरशी पुसायला. केमिकल अजिबात नाही. गॅस होतो म्हणून झाकण सैल. चिलटं बरणीभोवतीच घोटाळतात. वास झोंबत असणार.

१५ सप्टेंबर
पाला वाळला. चिलटं वाढली. बाळाबाईंशी मुद्देसूद बोलले. त्या म्हणाल्या, म्हशीला सांगते, शेपटी जरा वरपर्यंत मार. मी हसले नाही. संध्याकाळी ‘पोरीला तरास नको’ म्हणत त्यांनी म्हैस टेम्पोत चढवली. विंझर गावी, त्यांचे भाऊ हैबती यांच्याकडे.

१७ सप्टेंबर
म्हैस दुसऱ्या कुणाला धार काढू देत नाही. बाळाबाईही एसटीनं विंझरला गेल्या. खाली कुलूप. दूध बंद, चहा कोरा. चिलटं कोऱ्यातही पडतात.

२० सप्टेंबर
उपाय बरोबर आहे, प्रमाण कमी पडतंय. आणखी दोन बरण्या भरल्या.

२२ सप्टेंबर
बाळाबाईंचा फोन. म्हैस तिथं रुळत नाही, वैरण अर्धी टाकते. भावजय तोंडावर काही बोलत नाही, पण किती दिवस राहायचं? मग विचारलं, चिलटं गेली का. खरं सांगितलं.
“म्हस न्हाई, म्या न्हाई. आता चिलटं कुनाची गं, इंजिनेरबाई?”
रेंज गेली म्हणून फोन ठेवला. रेंज होती.

२३ सप्टेंबर
तिन्ही बरण्या उकिरड्यावर ओतल्या. केवळ ती शक्यता खोडून काढायला.

२७ सप्टेंबर
एकही चिलट नाही. योगायोग असू शकतो.
चहा स्वच्छ, कोरा. खाली कुणी म्हशीशी भांडत नाही. हैबतींच्या मोबाईलवर मेसेज पाठवला:
मावशी, चिलटं गेली. कारण तांत्रिक होतं. गोठ्याचा संबंध नव्हता. म्हशीला घेऊन घरी या, टेम्पो मी सांगते. येणार की नाही, ते मंगळवारपर्यंत कळवा.