एक मासा, दोन गोल

माझ्या धाकट्या बहिणीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे आपापल्या पायांवर उभे आहोत, म्हणजे खुशाल आहोत असं समज. तुझा गुडघा काय म्हणतो? तुझी मांजर अजून तुझ्या उशीवरच झोपते का, की तुझ्या घोरण्याला कंटाळून तिने दुसरं घर पाहिलं? अक्षर बदललेलं दिसेल, दचकू नकोस. एरवी माझी पत्रं नात लिहिते. या वेळी का नाही, ते पुढे कळेलच. मधूनमधून शाईचे ठिपके पडलेले दिसतील. तिथे लिहिणारं माणूस अडलेलं आहे आणि मी 'लिही' म्हणून दटावलेलं आहे, असं समजून पुढे वाच.

तर धाकटे, माझी सून लिफ्ट दुरुस्त करते. (तू अजून चारचौघांत 'कुठल्याशा कंपनीत असते' असं सांगतेस, माझ्या कानावर आलंय.) कपाळाला दिवा बांधून ती लिफ्टच्या टपावर उभी राहते, खाली चौदा मजल्यांचा अंधार, आणि नुसता दोराचा आवाज ऐकून सांगते की वरची कुठली कप्पी झिजली आहे. मला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घेरी येते. आता तिच्या साहेबांनी तिला सांगितलंय, दोन महिने परगावी जाऊन नव्या तऱ्हेच्या लिफ्टचं काम शिकून ये, परत आलीस की आठ जणांच्या तुकडीची प्रमुख. ही नाही म्हणाली. का म्हणून विचारलं तर म्हणे, घर आहे ना आई. आपला मुलगा जहाजावर, तो उन्हाळा सरेपर्यंत येत नाही. नात आठ वर्षांची, नातू पाच. राहिलं कोण? मी! म्हणजे 'घर' हे माझं नवं नाव आहे, एवढं मला कळतं. इतक्यात मोठ्या दवाखान्याच्या दोन्ही लिफ्ट एकदम बंद पडल्या आणि हिला शनिवार-रविवार कामावर बोलावणं आलं. मी म्हटलं, जा. हे दोन दिवस मी निभावून दाखवते, निभावले तर तू दोन महिने जायचं. ती 'बघू' म्हणाली. साहेबांना शेवटचं उत्तर येत्या शुक्रवारी द्यायचंय.

शुक्रवारी संध्याकाळी ती मुलांचे खडू घेऊन बसली आणि दोन दिवसांचा सगळा कार्यक्रम चित्रांत काढून कागद फ्रिजच्या दाराला लावला. मला अक्षर येत नाही हे या घरात खुर्च्यांनाही ठाऊक आहे, पण दहा वर्षांत ते तिच्या तोंडून एकदाही निघालेलं नाही. माझ्या सकाळच्या गोळ्यांवर ती सूर्य काढते, रात्रीच्या गोळ्यांवर चंद्र. साखरेच्या डब्यावर मुंगी आहे, मिठाच्या डब्यावर नाही. आणि हे सगळं मुलांच्या गमतीसाठी चाललंय, असा चेहरा करून! (ठिपका पडला ना? लिही गं पुढे.)

शनिवारी सकाळी मी कागदासमोर अशी उभी राहिले की जणू कचेरीच उघडली. पहिलं चित्र मासा. सोपं होतं. दोघांना घेऊन मी मासळीबाजारात गेले. झाडांना नवी पालवी आली म्हणून आदल्याच दिवशी स्वेटर पेटीत भरले होते, ते कुडकुडत पुन्हा काढले. नातू मात्र स्वेटरवर पोहण्याचा चष्मा आणि रबरी टोपी घालून निघाला. मी म्हटलं, असेल लहर. कोळीण त्याच्याकडे बघून म्हणाली, आजी, हा काय आत उतरून पकडणार आहे का? मासा कापून, कागदात बांधून हातात आल्यावर नातीने सांगितलं की मासा म्हणजे धाकट्याचा पोहण्याचा वर्ग. मग आधी का नाही बोललीस? तर म्हणे, तू विचारलंस कुठे? (हे उत्तर आपल्या आईचं आहे. नात तिला कधी भेटली नाही, पण बघ कसं वळणं घेत पोचलं.)

दुसरं चित्र म्हणजे शेजारी शेजारी दोन मोठे गोल, मध्ये एक दांडी. हा माझा चष्मा, मी छाती ठोकून सांगितलं. दुरुस्तीला टाकलाच होता. माशासकट आम्ही चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने चष्मा दिला, मग खिडकी उघडली, मग दारही उघडलं. तिसरं चित्र फुगा. नातवाच्या मित्राचा वाढदिवस, आणि तो मी बरोबर ओळखला, एवढी नोंद ठेव. फक्त तिथे पोचल्यावर नातवाने माझ्या पिशवीतून चुकीचं पुडकं काढून हौसेने मित्राच्या हातात दिलं. त्या मुलाची आई मोठी सभ्य बाई. म्हणाली, ताजा दिसतोय. भेट द्यायची बाहुल्यांची पेटी आम्ही तशीच घेऊन घरी आलो.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी तुला मोठ्या तोंडाने लिहिलं असतं. रविवारी ऊन छान पडलं म्हणून दोघांना बागेत नेलं. नात सायकल घेऊन उतारावर गेली, मी बाकावर चष्मा पुसत बसले. आणि बघते तो पोर घंटी वाजवत, वाऱ्यासारखी माझ्यासमोरून गेली आणि थेट माळ्याने नुकत्याच लावलेल्या फुलांच्या वाफ्यात! ते दोन गोल चष्म्याचे नव्हतेच, धाकटे. ती सायकल होती. तिचे ब्रेक शनिवारी दुरुस्तीला द्यायचे होते.

नातीच्या उजव्या मनगटाचा सांधा लचकला. डॉक्टरांनी तीन आठवड्यांची पट्टी बांधली. सूनबाई कामावरून तशीच आली, कोपरापर्यंत ग्रीस, कपाळावर दिव्याचा वळ. मी सगळं कबूल करून टाकलं आणि बोलणी खायला तयार होऊन बसले. मी तिच्या जागी असते तर माझ्यासारख्या सासूला बागेतच विसरून आले असते. ती आधी लेकीजवळ बसली, मग फ्रिजवरचा कागद काढला, बराच वेळ पाहिला, आणि खडू घेऊन त्या दोन गोलांवर एक सीट, एक हँडल आणि एक घंटी काढली. म्हणाली, आई, चूक माझी आहे. हँडल नसलेली सायकल कोण ओळखेल? मग माळ्याकडे गेली आणि अंधार पडायच्या आत वाफा पुन्हा लावून आली. धाकटे, मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली. पण समोरच्याचा मान त्याच्या हातात परत देऊन, वर स्वतः हात धुवायला निघून जाणारं माणूस मी एकच पाहिलं.

आता थांबते. जपून राहा. मांजरीला दूध, तुला आशीर्वाद.

तुझी थोरली

ता. क. नातीचा हात बांधलेला असल्यामुळे हे पत्र सूनबाई लिहिते आहे. तोंडावर सुनेचं कौतुक करायची आपल्या घरात रीत नाही, म्हणून ते तुला लिहिलं. तिने दोन ठिकाणी गाळायचा प्रयत्न केला. पण नातीचा हात बांधलाय, डोळे नाहीत. ती शेजारी बसून वाचून दाखवते.

दुसरा ता. क. मी निभावलं नाही, म्हणून सूनबाई शुक्रवारी पुन्हा 'नाही'च सांगणार आहे. तू ये. दोन महिने ये, गुरुवारच्या आत ये, मांजर घेऊन ये. तुला चार अक्षरं येतात, मला पोरं सांभाळता येतात, दोघी मिळून एक शहाणी बाई होते. घोरण्याबद्दल मी जे जे बोलले ते सगळं मागे घेतलं. (इथे मोठा ठिपका पडलाय. पेन खाली ठेवलं होतं. पुन्हा उचललंय.)

तिसरा ता. क. वरचं तिने खरंच लिहिलं का, याची मला खात्री हवी. नातीवर भरवसा नाही, ती आईला लगेच फितूर होते. म्हणून सूनबाईला म्हटलं, मला वाचता येईल असं लिही. तिने खाली चित्र काढलंय. एक म्हातारी आणि मांजर दारातून आत येतायत, आणि कपाळाला दिवा बांधलेली एक बाई बॅग घेऊन बाहेर पडतेय. बॅगेला हँडल आहे. शनिवारचा चष्मा लावून मी नीट तपासलं.