उजव्या बाजूचे एकसष्ट किलो

तीर्थरूप दादा यांना,

तुमच्या मेहुण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तब्येत कशी आहे? खोकला गेला का? वहिनींनी दात काढून घेतला, की दातांच्या डॉक्टरांना अजून ताटकळत ठेवलं आहे? आम्ही इकडे सुखरूप आहोत, म्हणजे जिवंत आहोत, आणि पुढचं वाचल्यावर तेवढंही पुष्कळ झालं असं तुम्हाला वाटेल. माझी शाळा पाचवीत सुटली, तेव्हा पत्रात मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्या. तक्रार मात्र आधीच सांगून टाकतो. ती तुमच्या बहिणीबद्दल आहे, आणि या वयात तिला रागावू शकेल असं तुमच्याशिवाय जगात कोणी उरलेलं नाही.

तिचा गुडघा दोन वर्षं त्रास देतो आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. जिना उतरताना ती खेकड्यासारखी आडवी उतरते आणि मी तिच्या पुढे तोंड वर करून उलटा उतरतो (पडलीच तर माझ्यावर पडावी म्हणून; त्यावर ती म्हणते, मग दोघांना उचलायला तिसरा माणूस बोलवावा लागेल). डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पाण्यात व्यायाम करा, पोहायला जा. आमच्या गल्लीच्या टोकाला पोहण्याचा तलाव आहे आणि तिथे वयस्कर मंडळींचा सकाळचा वर्ग भरतो. तुमच्या बहिणीने तिथला अर्ज आणला. साठीपुढच्यांच्या अर्जावर घरच्या माणसाची सही लागते. घरचा माणूस म्हणजे मी, आणि मी दोन महिने सही केलेली नाही. आधी म्हटलं पेन चालत नाही. तिने दुसरं पेन दिलं. मग म्हटलं चष्मा दुकानात राहिला. तिने स्वतः जाऊन चष्मा आणला, तो गुडघा घेऊन. शेवटी मी तो अर्ज दुकानातल्या मोठ्या वजनकाट्याखाली सरकवला आणि हरवला म्हणून सांगितलं. पण दादा, तुम्हीच सांगा, वर्गात बारा जण आणि शिकवणारी एक. एका माणसाचं लक्ष बारा ठिकाणी कसं राहणार? अर्जाची मुदत या शनिवारी संपते, आणि खरं सांगतो, शनिवार कधी एकदा उलटतो म्हणून मी दिवस मोजत होतो.

त्यात आमच्या लेकीने घोळ घातला. मागच्या रविवारी ती आणि जावईबापू आले आणि म्हणाले, बाबा, तयारी करा, आपण दिवसभर बोटीतून फिरायला जाणार, जेवणखाण सगळं बोटीवरच. मी विचारलं, बोट बंदराला बांधलेली असते ना? लेक हसली. तिच्या आईला विचारलं तर तीसुद्धा हसली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता, पण मी औषधांची पिशवी भरण्यात गुंतलो होतो (मळमळीच्या गोळ्या, दोन मलमं, शिट्टी, विजेरी, वीस हात दोरी आणि कोरडे मोजे, यातली शिट्टी पुढे कामी आली, बाकी सगळं भिजलं).

आता बोट. तिला कॅटमरान म्हणतात. आपल्या डोळ्यांना सवय असलेली बोट एका अंगाची असते. हिला दोन अंगं, एक डावं, एक उजवं, आणि दोन्हींच्या मध्ये बसायची जागा. पुढच्या बाजूला तर फळ्याही नाहीत, नुसती जाळी ताणलेली, आणि धडधाकट माणसं त्या जाळीवर पालथी पडून खालचं पाणी बघत होती. मी धक्क्यावरच उभा राहिलो. दादा, मी पन्नास वर्षं तराजू दुरुस्त केले आहेत. भाजीवाल्यांच्या तागड्यांपासून सोनारांच्या काट्यांपर्यंत माझ्या हाताखालून गेले. मध्ये दांडी आणि दोन्हीकडे दोन पारडी असली की ती वस्तू काय आहे हे मला कोणी शिकवायला नको. आणि हे लोक त्या वस्तूत चोवीस माणसं भरत होते, आणि तीही जशी येतील तशी! एकानेसुद्धा वजन विचारलं नाही.

कोणीतरी विचारायला हवं होतं, म्हणून मी विचारलं. जावईबापूंचं वजन मला माहीत आहे, ब्याण्णव. त्यांना डावीकडे बसवलं. लेक, तुमची बहीण आणि मी उजवीकडे. समोर एक मोठी टोपी घातलेल्या बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका (हे त्यांनी नंतर सांगितलं, पण आवाजावरून मी ओळखलं होतं). मी अदबीने म्हणालो, बाई, आपलं वजन कळलं तर बरं होईल. बाईंनी टोपी जरा वर केली आणि म्हणाल्या, ‘‘आजोबा, तुमचं वय किती?’’ मी म्हटलं, बाहत्तर. ‘‘त्यातून दहा कमी करा आणि गप्प बसा.’’ मी गप्प बसलो, पण दादा, बासष्ट नाही हो! माझा अंदाज सहसा चुकत नाही. अठ्ठ्याहत्तरच्या खाली एक तोळाही नाही. सोळा किलोंचा फरक मनात धरून मी पुढचे दोन तास काढले, माझ्या जिवाची अवस्था तुम्ही समजू शकाल.

कप्तान मात्र भला माणूस. मी तिसऱ्यांदा त्याच्याकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, ‘‘आजोबा, ही बोट कलंडवायची असं मी स्वतः मनावर घेतलं ना, तरी कलंडणार नाही.’’ यावर माझं उत्तर असं की प्रत्येक बिघडलेल्या काट्याचा मालक पहिल्यांदा हेच सांगतो. जेवणाची वेळ झाली आणि त्यांनी सगळं जेवण डाव्या बाजूच्या टेबलावर मांडलं. भाजलेले मासे, भात, उकडलेले बटाटे, फळं, केक. झालं, अख्खी बोट डावीकडे. उजव्या बाजूला मी एकटा! मग मी जे हाताला लागेल ते इकडे आणायला लागलो. तीन कलिंगडं आणली, दोऱ्यांचं भेंडोळं आणलं आणि बर्फाची पेटी ओढत आणली. पारडं हलकं असलं की आम्ही त्याला एखादा खिळा नाहीतर शिशाचा तुकडा बांधतो, त्याला पासंग म्हणतात. तसा मी त्या दिवशी बोटीचा पासंग होतो. थोड्या वेळाने स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाई ओरडत आल्या, की माझा बर्फ कोणी पळवला? मला पेटीवर बसलेला बघून त्यांनी कपाळाला हात लावला, आणि मग माझ्यासाठी ताट वाढून तिथेच आणून दिलं. मी तीन वेळा मासे घेतले. काळजी वाटली की मला भूक लागते, हे तुमच्या बहिणीला ठाऊक आहे, म्हणून तीही मधूनमधून बटाटे पाठवत होती.

जेवणं झाल्यावर एका आडोशाच्या खाडीत नांगर टाकला. पाणी इतकं नितळ की तळाची वाळू दिसत होती (दिसते म्हणून ती जवळ असते असं नाही, हे मी जावईबापूंना बजावलं). मागच्या बाजूला शिडी सोडली आणि लोक धडाधड उड्या मारायला लागले. त्यासरशी माझा सगळा हिशेब विस्कटला. मी मुख्याध्यापिकाबाईंना विनवत होतो की तुम्ही तरी जरा मध्यभागी या, आणि तेवढ्यात दादा, माझ्या पायाखालची बाजू वर आली. केसभर. कप्तान अजून म्हणतो की हे शक्यच नाही. पण माझ्या तळव्यांना कळलं. उजव्या बाजूचे एकसष्ट किलो कमी झाले होते. एकसष्ट किलोंचं आमच्या बाजूला एकच माणूस होतं.

वळून बघतो तर बाकावर चपला, चपलांमध्ये घडी केलेला चष्मा, आणि पाण्यात तुमची बहीण. निळा पोहण्याचा पोशाख घातलेली! तो तिने लेकीबरोबर जाऊन आणला होता आणि घरूनच कपड्यांच्या आत घालून निघाली होती, हे मला मागाहून समजलं. मी शिट्टी फुंकली. तरंगेल असं जे जे दिसलं ते ते पाण्यात फेकलं. चार रबरी चाकं, सहा उशा, एक प्लॅस्टिकचा डबा. एक चाक जावईबापूंच्या डोक्यात बसलं (ते पाण्यात होते, काही बोलले नाहीत, गुणी माणूस आहे). आणि ही उताणी पडून, आभाळाकडे बघत, संथपणे पाय मारत होती. मी ओरडलो, आधी वर ये! तर तिथूनच म्हणाली, ‘‘अहो, दुखत नाहीये! गुडघा दुखतच नाहीये!’’

दादा, तिचा हा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

मी विचारलं, हे तू शिकलीस कुठे? म्हणाली, दादाने शिकवलं, नवव्या वर्षी, घरामागच्या तळ्यात. मी म्हटलं, लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, मला एका शब्दाने सांगितलं नाहीस? तर म्हणते, ‘‘तुम्ही कधी पाण्याजवळ नेलंत?’’ मुख्याध्यापिकाबाई टोपीखालून म्हणाल्या, ‘‘उत्तर द्या आजोबा.’’ मी बाकावरच्या तिच्या चपला सरळ करून ठेवल्या. तुम्ही तरी हे मला कधी का सांगितलं नाही, हाही प्रश्न आहेच, पण तो भेटीत काढीन.

मग मी तिला हात देऊन वर घ्यावं म्हणून शिडीच्या दोन पायऱ्या उतरलो. अंगात दोन लाइफ जॅकेटं होती, एकावर एक. तिसरी पायरी बुळबुळीत होती हे कोणी सांगितलं नव्हतं. पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी बुडालो नाही, उलट बुचासारखा वर आलो आणि उताणा पडलो, आणि दोन जॅकेटांमुळे मला कुठल्याच कुशीवर वळता येईना. तुमच्या बहिणीने पाठीखाली हात घातला. म्हणाली, अंग सैल सोडा. मी म्हटलं, सोडलं तर? ती म्हणाली, ‘‘मी आहे ना.’’ ज्या बाईला मी रोज जिना उतरवतो, तिने मला समुद्रात धरून ठेवलं होतं, दादा. दोन मिनिटं कशीबशी काढली आणि मला वर घेतलं. भिजलेला, थरथरता. अशी ही सहल.

तेव्हा माझी कळकळीची विनंती अशी की तुम्ही थोरले भाऊ या नात्याने तिला एक कडक पत्र लिहावं. सहासष्टाव्या वर्षी पाण्यात उतरायचं नाही, तलावाचं नाव काढायचं नाही, असं स्पष्ट लिहावं. मी सांगितलं तर ती हसते. मला दुसरं काही नाही, पण सकाळचा चहा दोन कपांचाच करायची हाताला सवय आहे, आणि या वयात ती मोडायची माझी तयारी नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. खोकल्यासाठी रात्री गरम पाणी घेत जा आणि पंख्याखाली झोपू नका.

तुमचा,
काळजीने अर्धा झालेला मेहुणा

ता. क. पत्र लिहून झालं आणि तीन दिवस खिशातच राहिलं. मघाशी जावईबापू येऊन गेले. ते म्हणतात की मी पाण्यात दोन मिनिटं नव्हतो, चाळीस मिनिटं होतो, आणि वर या म्हणून कप्तानाने तीनदा भोंगा वाजवला तरी मी आलो नाही. त्यांचं घड्याळ पुढे असावं.

ता. क. दुसरा. पत्र फार कडक लिहू नका. ‘जपून’ वगैरे शब्द वापरा. किंवा असं करा, लिहूच नका. बोटीवरून आल्या दिवशी ती जिना सरळ उतरली होती, आडवी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आडवी. मी खाली उलटा उभा होतो, त्यामुळे तिचा चेहरा मला समोरून दिसला. अर्ज सापडला आहे. सही केली.

ता. क. तिसरा, आणि हा कोणाला वाचून दाखवू नका. आज शनिवार, अर्ज द्यायला मीच गेलो होतो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, एक अर्ज की दोन? मी दोन म्हणालो. कसा म्हणालो ते मला माहीत नाही. माझ्या अर्जावर घरच्या माणसाची सही तिने केली, पहिल्याच पेनाने. सोमवारी सकाळी वर्ग सुरू होतो, आणि तिच्यादेखत बारा जणांत मी अगदीच अडाणी ठरू नये असं वाटतं. (दोन जॅकेटं घालायची तिथे परवानगी नाही, विचारून आलो.) तेव्हा तुम्ही तिला शिकवलंत ते कसं शिकवलंत, ते क्रमाने, मोठ्या अक्षरात लिहून ताबडतोब पाठवा. आधी श्वास की आधी पाय, नाकात पाणी गेलं तर काय करायचं, सगळं. पत्र घरी नको, दुकानाच्या पत्त्यावर टाका. आणि तिच्या पाठीखालचा हात तुम्ही कितव्या दिवशी काढलात, आणि काढण्याआधी तिला सांगितलं होतंत का, एवढं मात्र विसरू नका.