एकच पेपर राहिलाय

३ जुलै, सोमवार

आजपासून रोजनिशी. वाचणारा मी एकटाच, त्यामुळे खरं तेच लिहीन.

बी.एस्सी.चा एकच पेपर राहिलाय. गणिताचा, रिअल अ‍ॅनालिसिस. सव्वीस वर्षांपूर्वी ऐन परीक्षेत कावीळ झाली आणि राहिला तो राहिलाच. मग शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, आणि पदवी झालेली नाही हे सांगायची तशी वेळच आली नाही. बायकोलासुद्धा नाही. गेल्या महिन्यात नव्या हेडबाईंनी सगळ्यांच्या फायली उघडल्या. म्हणाल्या, नोव्हेंबरच्या निकालात पेपर सुटला तर ठीक, नाहीतर बारावीचं गणित नव्या सरांना आणि मला सहावी. बारावीच्या सव्वीस बॅचेस काढल्यात मी. सहावी!

शाळा सकाळची, कॉलेजचा तास दुपारी दोनला. घरी सांगितलंय की सोमवार-गुरुवार कॉलेजात मार्गदर्शन असतं. कुणाचं कुणाला, ते बोललो नाही. म्हणजे खोटं नाही.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून दोन तास अभ्यास.

४ जुलै

सात वीस. गजराचा आवाज फार बारीक आहे.

६ जुलै, गुरुवार

पहिला तास. शिकवणाऱ्या मॅडम माझीच विद्यार्थिनी निघाल्या! आठवीत होती माझ्याकडे. प्रत्येक गणिताला का, का करून डोकं खायची. एकदा वर्गाबाहेर उभी केली होती. त्यातूनच ही जिद्द आली असणार. तिनेही लगेच ओळखलं आणि म्हणाली, सर, तुम्ही इथे कसे? मी हसून वेळ मारून नेली. आता पास व्हायची काळजीच मिटली.

शेजारी एक वेणीवाली मुलगी बसते. मला काका म्हणाली. पेन दिलं तरी काकाच म्हणाली.

१० जुलै, सोमवार

एप्सिलॉन आला. एप्सिलॉन म्हणजे कितीही छोटा आकडा. मी उभा राहून विचारलं की कितीही म्हणजे नक्की किती, एकदा ठरवून टाकू, सोयीसाठी एक हजारांश धरू. मॅडम म्हणाल्या की एप्सिलॉन आपण ठरवायचा नाही, तो समोरचा ठरवणार, आणि त्याने कितीही छोटा दिला तरी आपल्याला तोंड देता आलं पाहिजे. मी म्हटलं, म्हणजे संसारच. मग त्यात शिकण्यासारखं काय आहे?

वर्ग हसला. विनोदबुद्धी शाबूत आहे माझी.

२० जुलै, गुरुवार

पहिला गृहपाठ परत आला. दहापैकी शून्य. शेरा: प्रूफ कुठे आहे?

प्रूफ कुठे आहे म्हणजे? एक्सला चाळीस वेगवेगळ्या किमती देऊन कॅल्क्युलेटरवर तपासलं होतं. चाळीसही वेळा बरोबर आलं. तास संपल्यावर तसं सांगितलं, तर मॅडमनी शांतपणे विचारलं, आणि एक्केचाळिसावी? मी म्हटलं की आज रात्री तीही घालून बघतो. त्या काही बोलल्या नाहीत. बहुतेक पटलं.

एक्केचाळिसावीही बरोबर आली. इथे नोंद करून ठेवतो.

७ ऑगस्ट

पहाटेचा अभ्यास मला मानवत नाही. आजपासून संध्याकाळी. चार रंगांची पेनं आणली. व्याख्या लाल, थिअरम निळे, प्रूफ हिरव्या, शंका काळ्या शाईत. वेळापत्रक आखून कपाटाच्या आत चिकटवलं. आखण्यातच संध्याकाळ गेली, पण पाया पक्का झाला.

२४ ऑगस्ट

चाचणी. वीसपैकी दोन. वेणीवालीला सतरा. पाठांतर असतं या मुलांचं.

काळं पेन संपलं. बाकीची तिन्ही कोरी करकरीत आहेत.

४ सप्टेंबर

घरी बाका प्रसंग. चाचणीचा पेपर टेबलावर राहिला आणि बायकोच्या हाती लागला. मी म्हटलं, एका कच्च्या विद्यार्थ्याचा आहे, मार्गदर्शनाला दिलाय. ती म्हणाली, अक्षर अगदी तुमच्यासारखं आहे हो. मी म्हटलं, विद्यार्थी गुरूचं अक्षर गिरवतात. ती पेपर परत ठेवत म्हणाली, गिरवू दे, पण त्या पोराला म्हणावं, जमत नसेल तर विचारत जा. लाजू नकोस.

थोडक्यात निभावलं.

२१ सप्टेंबर

वेणीवालीने आपण होऊन सांगितलं की काका, तास सुटल्यावर आम्ही चौघी कँटीनमध्ये अभ्यासाला बसतो, तुम्हीपण या. मुलींच्या मध्ये बसून शिकायचं? माझ्या वयाचा काही मान आहे की नाही? लायब्ररीत बसतो म्हणालो. लायब्ररीत बसलोही. खुर्च्या फार आरामशीर आहेत. शिपायाने पाच वाजता हलवून उठवलं.

९ ऑक्टोबर

शाळेत मधल्या सुट्टीत नव्या सरांनी माझं बारावीचं वेळापत्रक उतरवून घेतलं. नुसतंच आपलं असावं म्हणून, म्हणाले. एम.एस्सी. झालेत ते. मुलं त्यांच्याभोवती घोळका करतात. मला काही वाटलं नाही.

वाटलं. डबा तसाच घरी आणला. पोट बिघडलंय असं सांगितलं.

संकल्प: उद्यापासून रोज चार तास. आता कानाला खडा.

२६ ऑक्टोबर

रोज चार तास जमले नाहीत, पण काल सलग पन्नास मिनिटं बसलो. त्यात एक पान झालं. पुस्तक तीनशे बारा पानांचं. परीक्षा अकरा दिवसांवर. हिशोब केला आणि सोडून दिला. इतक्या वर्षांचा अनुभव कधी कामाला येणार?

६ नोव्हेंबर, सोमवार, संध्याकाळी सहा

परीक्षा झाली. मैदान मारलं!

शेवटचा प्रश्न साठ मार्कांचा. सहा विधानं दिलेली. खरं असेल ते सिद्ध करा, खोटं असेल ते एक उदाहरण देऊन खोडून काढा. मी सहाच्या सहा सिद्ध केली. पहिलंच बघा: न संपणारी आकड्यांची रांग एका हद्दीच्या आत राहत असेल, तर ती शेवटी एका आकड्याशी जाऊन स्थिरावते. दीड पान प्रूफ लिहिलं. हद्द आहे म्हणजे बाहेर जाता येत नाही, बाहेर जाता येत नाही म्हणजे आत कुठेतरी बसावंच लागणार. वाचताना मलाच भरून आलं. तीन पुरवण्या लागल्या.

बाहेर वेणीवाली भेटली. तिने सहापैकी पाच खोडून काढली म्हणे. कष्टाळू पोर, पण या वयात इतका नकारात्मक विचार बरा नव्हे.

जिन्यावर मॅडमनी विचारलं की कसा गेला, सर? मी म्हटलं, निश्चिंत राहा.

२० नोव्हेंबर, सोमवार

शंभरपैकी तेरा.

बेरीज चुकली असणार म्हणून मॅडमच्या खोलीत गेलो. बेरीज बरोबर होती. मग मी माझं दीड पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि विचारलं की यात चुकलंय काय ते दाखवा. त्यांनी कागद ओढला आणि चार आकडे लिहिले. एक, वजा एक, एक, वजा एक. मी चारही आकड्यांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, पुढे काय येतं? त्या म्हणाल्या, हेच येतं, सर.

हद्दीतच आहे. आणि कुठेच बसत नाही.

मला समजलं. जुलैपासून पहिल्यांदा काहीतरी खरोखर समजलं, आणि इतका आनंद झाला की मी टेबलावर थापच मारली. त्याही हसल्या. म्हणाल्या, अगदी बरोबर, सर. मग आठवलं की हेच, रांग एकदा हद्दीत आली की स्थिरावतेच, मी सव्वीस वर्षं फळ्यावर हात आपटून सांगत आलोय. कुणी हरकत घेतली नाही. घेतली असती तर बाहेर उभं केलं असतं. फार लाज वाटली. कावीळसुद्धा झाली नव्हती, हे आज लिहूनच टाकतो. त्या वर्षी मी पेपरला बसलो होतो, आणि पुढच्या वर्षीही.

शाळेत हेडबाईंना फोन केला. उद्यापासून सहावी.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. पदवी, पेपर, मार्गदर्शन, तेरा मार्क. ती भाजी निवडत होती. पदवीबद्दल अवाक्षर बोलली नाही. नुसतं विचारलं, म्हणजे आता सोमवार-गुरुवार दुपारी तुम्ही घरीच?

मी हो म्हटलं. तेव्हा मात्र तिचा चेहरा खरोखर पडला. भाजी बाजूला सारून म्हणाली की परत फॉर्म भरायची शेवटची तारीख काय आहे ते उद्याच्या उद्या विचारून या.