ढगाखालची गच्ची

४ ऑक्टोबर
आज रुजू झालो. नवं गाव, नवी खोली, नवं टेबल. खुर्ची मात्र जुनी आणि डावीकडे कलणारी. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, वर मोकळी गच्ची. गच्चीला कठडा नाही हे घरमालकिणीने भाडं सांगायच्या आधी सांगितलं. मी म्हटलं, मला गच्चीशी काही कर्तव्य नाही.

काम ओळखीचंच. दर पाच दिवसांनी सकाळी दहा बेचाळीसला उपग्रह या भागावरून जातो आणि जमिनीची छायाचित्रं पाठवतो. त्यांतले ढग मी काढायचे. म्हणजे ढगाने झाकलेला भाग कापायचा आणि जुन्या, स्वच्छ दिवसाच्या छायाचित्रातला तेवढाच तुकडा तिथे बसवायचा. शिवण दिसता कामा नये. विभागाच्या बाई म्हणाल्या, तुम्ही तर शिंपीच की. मी म्हटलं, आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावायचं हे विचारतात ना लोक, ते मला विचारावं.

आज गुलाबी मिठागरं पाहिली, खाडीत शेवाळाचा हिरवा भोवरा पाहिला, कुणीतरी कंपासने काढल्यासारखी गोल गोल शेतं पाहिली. दुरून डोंगर साजरे म्हणतात. पाचशे किलोमीटरवरून सगळंच साजरं दिसतं. फार दिवसांनी पोटभर जेवलो.

९ ऑक्टोबर
आजच्या छायाचित्रांच्या पट्ट्यात आमचं जुनं गाव आलं. इथून दीडशे किलोमीटर. बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण ढग नेमका आमच्या जुन्या घरावर, म्हणजे बघणं आलंच. नियम असा की ठिगळ वर्षापेक्षा जुनं नको. मी दोन वर्षांपूर्वीचं लावलं, टिकली होती तेव्हाचं.

टिकली माझी मुलगी. सात वर्षांची होती. आमच्या छायाचित्रात माणूस धड एका ठिपक्याएवढाही दिसत नाही, असं मी तिला एकदा सांगून बसलो. तिने लगेच तोडगा काढला. उपग्रहाच्या फेरीच्या दिवशी गच्चीत पिवळी चादर पसरायची आणि तिच्यावर हातपाय ताणून पडायचं. संध्याकाळी मी चपला काढायच्या आत प्रश्न, बाबा, दिसले का. चादरीचे सोळा पिवळे ठिपके यायचे, मधला एक काळपट. ते तिचे केस.

तेच सोळा ठिपके आज मी परत गच्चीवर बसवले. लबाडी आहे, कबूल. पण अर्धा तास मी कुणाचा तरी बाप होतो.

१४ ऑक्टोबर
आज आभाळ स्वच्छ होतं, ठिगळाची गरजच पडली नाही. तरी पिवळे ठिपके आहेत. आणि गच्चीवर नाहीत, फाटकाबाहेर रस्त्यावर आहेत.

बाईंना दाखवलं. हात दाखवून अवलक्षण, जुन्या ठिगळाचं सांगावं लागलं. त्या रागावल्या नाहीत. जुना तुकडा कधीकधी यंत्रात अडकून राहतो, पुढच्या फेरीला निघून जाईल, म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या की घरी फोन करत जा. केला. टिकलीची आई, टिकली गेल्यापासून, माहेरीच असते. मी विचारलं जेवलीस का, तिने विचारलं जेवलात का. बाकी बोलण्यासारखं उरलेलं नाही.

१९ ऑक्टोबर
ठिपके हमरस्त्यावर. शंभर किलोमीटर अलीकडे. शेजारच्या गाड्यांना सावल्या आहेत, चादरीला नाही, कारण ती जमिनीवर पसरलेली आहे. मधला काळा ठिपका जागच्या जागी.

मी घाबरलो. स्वतःच्या लेकराला घाबरलो, याची लाज वाटते.

२४ ऑक्टोबर
ठिपके या गावच्या पुलावर. आज चादरीवरून एक बारीक सावली निघाली आहे. म्हणजे टिकली आता पडलेली नाही. उभी आहे.

आता लिहूनच टाकतो. त्या दिवशी ढग होते. संध्याकाळी तिने विचारलं, मी कामात होतो. म्हटलं, आज नाही दिसलीस, उद्या बघू. उद्या फेरी नव्हतीच. पाच दिवस नव्हती. मला माहीत होतं, मी फक्त तिला वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी ती एकटी गच्चीत गेली. नीट दिसावं म्हणून कडेला गेली असणार. चादर तिच्याबरोबर खाली—

टिकलीच्या आईला हे अजून सांगितलेलं नाही.

२९ ऑक्टोबर
सगळं गाव लख्ख, ढग फक्त या घरावर. ठिगळ लावलं नाही. बाईंनी दोनदा विचारलं.

घरमालकीण म्हणाली, गच्चीत तुमची पिवळी चादर सकाळपासून पडली आहे. वर गेलो— काही नाही. फरशी एका जागी गरम, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी. आणि मागून तिने विचारलं. दिसले का.

माझ्या तोंडून तेच गेलं. सवयीने. आज नाही, उद्या—

३० ऑक्टोबर
दहा वाजून वीस. आज फेरी नाही. मला माहीत आहे, तिला नाही. वही घेऊन वर येऊन बसलोय.

सकाळी टिकलीच्या आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, वर जाऊ नका. मग म्हणाली, गेलात तर धरा तिला.

दहा एकेचाळीस. चादर— आत्ता नव्हती—

कडेला उभी. पाठ माझ्याकडे, मान वर. अगं, वर कोणी नाही आज, बघणारा इथे आहे— मागे बघ—

पुढे सरकतेय. नीट दिसावं म्हणून—

दिसतेस. दिसतेस गं टिकले. थांब, हात दे, मी—