बिननावाचं बटण

सोम., ५ जाने.
आजपासून अख्ख्या टीमने नवं टूल घेतलं. प्रोग्राम चालवून चूक शोधायची खिडकी म्हणे फार देखणी. आम्हाला काय त्याचं! वर सहा बटणं. स्क्रीन रीडर सहाही वेळा कानात नुसतं 'बटण' म्हणतो. दिसत नाही याचं वाईट वाटणं कधीच सोडलंय, आज मात्र डोकं फिरलं. शेवटी वहिनींना हाक मारली. त्यांनी पिठाचे हात पुसून माउसने प्रोग्राम चालवायचं हिरवं बटण दाबलं, तेव्हा गाडी हलली.

गुरु., ८ जाने.
दिवसभर वहिनी, वहिनी. त्या कुरकुरत नाहीत, उलट मजा वाटते त्यांना. पण सातवा लागलाय. २५ला डोहाळजेवण, मग माहेरी गेवराईला. पुढे बटण कोण दाबणार? आईला माउस दिला तर ती पुसून फडताळात ठेवते. दादा दिवसभर शेतात.
टीम लीडला सांगितलं. म्हणाला, तोवर कागदपत्रं लिहायचं काम घे. चांगल्या मनाने म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

शनि., १० जाने.
टूलचा कोड सगळ्यांना उघडा, कुणीही दुरुस्ती सुचवावी. जुन्या एडिटरमध्ये उघडला. बटणांना चित्रं आहेत, नावंच नाहीत! बारसं न करताच पोरं शाळेत घातलेली. सहा ओळी लिहिल्या, सहाही बटणं नावानिशी बोलायला लागली. हुरडा दोन वाट्या जास्त खाल्ला.
पण कंपनीच्या लॅपटॉपवर घरची दुरुस्ती चालत नाही. टूलवाल्यांनी घेतली तरच. पाठवली.

बुध., १४ जाने. संक्रांत.
टूलवाल्यांच्या तपासनिसाचं उत्तर. नियम आहे म्हणे : आधीचा आणि नंतरचा, पडद्याचे दोन फोटो जोडा. वहिनींनी काढले.
"भाऊजी, दोनी सारखेच हायत. काईच बदललं न्हाई."
"तेच पाठवायचेत."
"मग फोटू कावून मागतो त्यो?"
हसताना तीळगूळ घशात अडकला. दोन्ही जोडले. खाली लिहिलं, फरक दिसणार नाही, ऐकू येईल. सोबत आवाजाचं रेकॉर्डिंग.

शनि., १७ जाने.
तपासनीस म्हणतो, एक शब्द कळला नाही. माझ्या रोजच्या भरधाव वेगाचं पाठवलं होतं ना! हळू करून परत पाठवलं. ऐकताना मलाच डुलकी लागली. रेकॉर्डिंगच्या शेवटी वहिनी बोलल्यात, "आता बोलतंय की ते. माजं काय काम?" हसतच म्हणाल्या, पण मला ते परत ऐकवेना. तसंच राहू दिलं.

सोम., २६ जाने.
काल डोहाळजेवण थाटात झालं. तपासनिसाचं उत्तर : पाहतो. कधी, ते नाही.
दुपारी वहिनी निघाल्या. जीप दारात, दादा हॉर्न वाजवतोय, आणि त्या अजून लॅपटॉपसमोर. या लॅपटॉपचा पडदा बोटानेही चालतो, पण बोट ठेवायचं कुठे हे मला कसं कळणार? वहिनींनी माझं बोट धरून पडद्यावर टेकवलं. बारीक, गोल, खडबडीत काहीतरी लागलं.
"टिकली हाय. आरशाला लावतो तशी लावली. हितंच हिरवं बटण."

बुध., २८ जाने.
दोन दिवस टिकलीवर काम चाललंय. खिडकी पूर्ण मोठी ठेवायची, एवढंच पथ्य. लीडला कळवलं, कागदपत्रं नकोत.
वहिनींचा फोन. बटणाला नाव मिळालं का विचारत होत्या. अजून नाही म्हटलं. मिळालं तरी टिकली काढणार नाही, हे मात्र सांगायचं राहिलं.