दाखल क्रमांक ४३१७ आणि माझी इतर मालमत्ता

मी, सुलभा उमाकांत खांबेटे, वय ७१, राहणार हेब्बाळ, बेंगळूरु, यशवंतपूरच्या ज्ञानवर्धिनी सार्वजनिक वाचनालयाची मानद ग्रंथपाल, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. वकिलांच्या मसुद्यात ‘कोणाच्याही दडपणाशिवाय व भीतीशिवाय’ असे शब्द होते. दडपण कोणाचे नाही. भीती आहे, म्हणून तो एक शब्द मी खोडला आहे. ती खालील वाटणीबद्दल नाही, एवढे वाचणाऱ्याने समजून घ्यावे.

१. हेब्बाळचा राहता फ्लॅट माझी एकुलती मुलगी शलाका हिला द्यावा. तो माझ्या यजमानांनी सरकारी कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेल्या पैशांतून घेतला. दागिने व बँकेतील निम्म्या ठेवीही तिच्याच. मृत्युपत्राची व्यवस्थापक तीच राहील.

२. पुस्तकबांधणीची माझी दाभणे, सुया, दोरा व लाकडी दाबयंत्र वाचनालयाच्या पुस्तकनिवड समितीची सर्वांत तरुण सभासद चंदना हिला द्यावे. खळ घरीच शिजवावी, त्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायला विसरू नये.

३. माझ्या घरची पुस्तके वाचनालयाने मी गेले म्हणून घेऊ नयेत. इतर देणगीसारखीच ती समितीतल्या तिघांनी पाहावीत. नको असलेली रद्दीत द्यावीत. मला वाईट वाटायचा प्रश्न उरणार नाही.

४. उरलेल्या निम्म्या ठेवी वाचनालयाच्या पुस्तकखरेदीसाठी. निवड समितीच करील, आणि कोणत्याही कपाटावर माझे नाव घालू नये. त्याचे कारण पाचव्या कलमात आहे.

५. वाचनालयाचे नियम मीच लिहिले. सभासदांची मागणी वहीत नोंदवायची, नवे पुस्तक तिघांनी वाचायचे, मत लिहून द्यायचे. फाटलेले, कालबाह्य किंवा पाच वर्षे कोणी न नेलेले पुस्तक बाद करायचे, पण यादी आधी महिनाभर फळ्यावर लावायची. कोणी हरकत घेतली तर ती लेखी हवी, तिघांनी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला हवे, आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहायला हवे.

जानेवारी २०१९ मध्ये आम्ही तुंगाबाईंचे पुस्तक घेतले. तुंगाबाई यशवंतपूरच्या जुन्या मराठी घरातल्या, शिवणकाम करणाऱ्या. त्यांची मुलगी रूपश्री सासरी गच्चीवरून पडून गेली. तोल गेला, असे सासरच्यांनी लिहून दिले. शेवटच्या वर्षात ती फोनवर आईला काय काय म्हणाली, एवढेच तुंगाबाईंनी लिहून स्वखर्चाने छापले. नाव कोणाचेच घेतले नव्हते. माझे मत वहीत आहे: ‘भाषा साधी. खरे वाटते. घ्यावे.’ दाखल क्रमांक ४३१७.

मे महिन्यात रूपश्रीचे सासरे नरसिंहराव दुपारी वाचनालयात आले. ते आमचे उपाध्यक्ष, आणि इमारतीचे मोठे देणगीदार. सोबत दोन माणसे होती, ती दारातच थांबली.

“अक्का, ते पुस्तक काढा,” ते म्हणाले.

मी म्हटले, “हरकत लिहून द्या. तिघे वाचतील.”

ते खुर्चीत बसले. “शलाका होसकोटेच्या कारखान्यात आहे, सरी ना? सातच्या बसने येते. हेब्बाळला उतरून चालत जाते. स्वल्प अंधार असतो तिथं.”

आवाज चढवला नाही. पाणी मागितले, प्यायले आणि गेले.

मी दार लावून घेतले. पुस्तक चारच महिन्यांचे होते, बाद करायला कारण नव्हते. म्हणून मी त्याची शिवण उसवली, पुढची पाने ओढून फाडली, आणि वहीत ‘जीर्ण, बाद’ असे लिहिले. यादी फळ्यावर लावली नाही. समितीतले सुहास यांना दुसऱ्या दिवशी सर्व सांगितले. ते म्हणाले, “सुलभाताई, झालं ते झालं. कशाला ओढवून घेता?” मला तेच ऐकायचे होते. तरी त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही.

तुंगाबाईंनी विचारले तेव्हा मी वाळवीचे नाव सांगितले. “चार महिन्यांत?” एवढेच त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात दुसरी प्रत आणून दिली. ती मी दाखल केली नाही. घरी माळ्यावर गाद्यांमागे ठेवली. पुढे सहा वर्षे त्या दर महिन्याला येऊन ते कपाट पाहत. मी वहीत डोके घालून बसे. घरी शलाकाला दहा मिनिटे उशीर झाला तरी मी जिन्यात जाऊन उभी राहत असे. का, ते तिला कधी सांगितले नाही.

या सप्टेंबरात चंदना जुन्या नोंदी तपासत होती. “काकू, नऊच वेळा गेलेलं पुस्तक जीर्ण कसं झालं?” मी म्हटले, आठवत नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तारीख दिली.

मग मी तुंगाबाईंच्या घरी गेले आणि सगळे सांगितले. त्या मशीनवर बसल्या होत्या. बराच वेळ पायडल चालूच राहिले.

“फाडताना वाचलंत?” त्यांनी विचारले.

“आधी वाचलं होतं. मीच निवडलं होतं.”

“मग तुम्हाला ठाऊक होतं, तो माणूस कसा आहे ते.”

“हो.”

“म्हणून भ्यालात,” त्या म्हणाल्या. मी प्रत पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. “ती वाचनालयाला दिली आहे, अक्का. तिथं ठेवा.”

मी समितीचा राजीनामा दिला. समितीत उरलेल्या चंदना, सुहास व निवेदिता यांनी पुस्तक नियमाप्रमाणे वाचले आणि शनिवारी ते नव्या क्रमांकाने कपाटात लावले. रविवारी मी शलाकाला सांगितले. “आई, तू मला विचारायला हवं होतंस,” ती म्हणाली, आणि नंतर माझ्याशी बोलली नाही. त्याच संध्याकाळी नरसिंहरावांचा फोन आला. “ऑपरेशन आहे म्हणे, अक्का. जपा.”

शलाका अजून त्याच कारखान्यात आहे. माझ्यामागे तिला काही झाले, तर हे कलम पोलिसांना दाखवावे.

६. काल चंदनाने कळवले की पुस्तक देवघेवीत गेले. सकाळीच सभासद झालेल्या एका माणसाने तेवढे एकच नेले. त्याने ते वाचायला नेले की कशाला, ते पंधरा दिवसांनी कळेल. तेव्हा मी असेन किंवा नसेन. पुस्तक परत न आल्यास चौथ्या कलमातील रकमेतून सर्वांत आधी त्याची दुसरी प्रत घ्यावी. तीही गेली, तर तिसरी. तुंगाबाईंच्या पलंगाखाली अजून एकशे बारा प्रती आहेत.

चंदनाला वस्तू मिळणार असल्याने ती साक्षीदार होऊ शकत नाही. तुंगाबाईंना मी काही ठेवलेले नाही, म्हणून त्यांना विनंती केली. त्या आल्या.

सही: सुलभा उमाकांत खांबेटे

आम्हा दोघींच्या समक्ष सही केली. आम्हीही त्यांच्या समक्ष केली.
साक्षीदार १: तुंगाबाई, यशवंतपूर
साक्षीदार २: निवेदिता, हेब्बाळ

बेंगळूरु, मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५