बापाची खूण

रविवार, दिवेलागण

आज नेकनूरला ऐकू न येणाऱ्या लेकरांच्या पालकांचा मेळावा होता. तिथल्या बाईंनी हातांच्या खुणा शिकवल्या. ओठावर बोटानं मिशी ओढली की बाप. नाकात चमकीच्या जागी बोट टेकवलं की मुलगी. मी निम्म्या विसरले, पण माझ्या मुक्ताला सगळ्या आल्या.

घरी आलो तर ह्यांचा ऊसतोडीवरून व्हिडिओ कॉल. मुक्ताच्या शाळेपायी यंदा मी सोबत गेले नाही. तिनं फोनपुढं मिशी ओढली. हे हसले, "काय गं, मिशी लई वाढली व्हय माझी?"

"अवो, बा म्हणतीया तुमाला."

ह्यांनी फोन तोंडाजवळ घेतला. आठ वर्षांत लेकीची पहिली हाक. मी ह्या खुणा आधी काहून शिकले नाही?

मग म्हणाले, "तिला लेक कसं म्हणायचं?" मी दाखवलं. उसाच्या पाचटानं चिरलेलं बोट त्यांनी नाकाला लावलं. मुक्ता उड्याच मारायला लागली.

फोन ठेवल्यावर तिनं दाराकडं बोट केलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. बा कधी येणार, एवढंच विचारत होती. हंगाम संपून कारखाना बंद झाल्यावर, हे हातांनी कसं सांगायचं, मला येत नाही. तिला नुसतं जवळ घेतलं. मलाबी कुणाला तरी तेच विचारायचं होतं.